बॅटरी आमच्या देव्हाऱ्यात होती

भुताच्या गोष्टी आमच्या बार्शीच्या गल्लीत मीच सांगायचो, आणि बनवायचोही मीच. मग माझा कशावर विश्वास बसणार? शिक्षण नववी नापास, तेही दोनदा. पण हे जे झालं ते मी बनवलेलं नाही... एवढं डोकं मला नाही, बायकोला विचारा.

बायको सुनीता इकडे परदेशात, पोर्टलीश नावाच्या गावातल्या हॉस्पिटलात नर्स. मी तिच्या मागे आलेलं सामान. एका हॉटेलात आचारी होतो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते बंद पडलं. मग डोंगराकडच्या पॅट नावाच्या म्हाताऱ्याकडे लागलो. त्याच्याकडे पाळलेली पंधरा हरणं. त्याचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून किचनच्या खिडकीपर्यंत कसाबसा यायचा. म्हणून हरणांना आपोआप खाणं टाकणारं मशीन घ्यायचं ठरलं. निवडलं कोणी? अर्थात मी!

पहिलं घेतलं टांगायचं, हलकं म्हणून. हरणांतल्या मोठ्या नराने शिंगात अडकवलं आणि दिवसभर टोपी घातल्यासारखा मिरवला. दुसरं घेतलं तीन उंच लोखंडी पायांचं — वर ड्रम, खाली चकती, शेजारी डब्यात बॅटरी आणि टायमर. सकाळी आठ, दुपारी चार, चकती फिरली की खाण्याच्या गोळ्या चहूकडे उडायच्या. पण इथला पाऊस! ड्रम आठवड्याला खरवडायचा असतो. मी खरवडला नाही. गोळ्यांचा ओला लगदा होऊन बसला, हरणं दोन दिवस उपाशी, कुंपण मोडून थेट रस्त्यावर. एक गाडीखाली जाता जाता वाचलं.

पॅट ओरडला नाही. म्हणाला, "परत एक वेळ चुकली तर तू येऊ नकोस."

तेव्हापासून रोज चारला तो चहाचा मग घेऊन खिडकीत. मशीनवर नजर की माझ्यावर, देव जाणे.

आली खंडेनवमी. वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं, त्या दिवशी पान्यालासुद्धा सुट्टी. हॉटेल बंद, मग माझं हत्यार कुठलं? हे मशीन. ते तर घरी नेता येईना. म्हणून सकाळी आठचं खाणं पडल्यावर बॅटरीच काढून घरी नेली. म्हटलं पूजा करू, चारच्या आत परत. देव्हाऱ्यात मांडली, हळदकुंकू वाहिलं. मग पुरणपोळ्या खाल्ल्या. किती ते विचारू नका. आणि झोपलो.

उठलो तर साडेतीन! बॅटरी मांडीवर घेऊन गाडी हाणली. वाटेत गार्डने, म्हणजे इथल्या पोलिसाने, अडवलं. कुंकू लावलेली बॅटरी बघून विचारलं, हे काय. मी म्हटलं, आज हिचा सण आहे. त्याने दारूचा वास येतो का बघितलं आणि सोडलं.

कुरणाच्या गेटशी पोचलो तर चारला एक मिनिट कमी. बॅटरी जोडून टायमर परत लावायला दहा मिनिटं लागतात, कारण बॅटरी काढली की तो वेळ विसरतो. खिडकीत पॅट दिसत होता. म्हटलं, गेली नोकरी.

तेवढ्यात गर्रर्र... चकती फिरली. गोळ्या उडाल्या. हरणं आली आणि निवांत खायला लागली.

बॅटरी माझ्या हातात होती.

जवळ गेलो. डबा उघडा, आत दोन वायरी लोंबत होत्या. चिखलात पावलं माझीच, सकाळची, आणि बाकी खूर. मी गपचूप बॅटरी जोडली, टायमर लावला. घाईत आधी पहाटेचे चार लावले.

घरी सांगितलं तर सुनीता म्हणाली, "अहो, पुरण चढलंय तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी पॅट फक्त "ग्रँड", म्हणजे झकास, एवढंच म्हणाला, तेही दुसरीकडे बघत. तिथेच मला संशय आला. याच्याकडे दुसरी बॅटरी आहे. वॉकर नाटक आहे. म्हातारा माझी परीक्षा घेतोय! वर्षभर मी त्याच्या बुटांचे तळवे बघत होतो, चिखल लागलाय का म्हणून. तोही हल्ली माझ्या जॅकेटच्या खिशांकडे बघायचा. चारला खिडकीत बसणंही त्याने सोडलं होतं.

२०२१ ची खंडेनवमी आली. मी काही बोलायच्या आत पॅटनेच विचारलं,

"या वर्षीपण बॅटरी घरी नेणार?"

म्हणजे त्याने मला बॅटरी काढताना बघितलं होतं. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

"तू परत येतोस का ते बघत होतो. मग मशीन फिरलं. म्हटलं तुझ्याकडे दुसरी बॅटरी आहे."

"मला वाटलं तुमच्याकडे आहे."

त्याचा चहा गार झाला. वर्षभर आम्ही एकमेकांवर संशय घेऊन किती सुखात होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी तोच म्हणाला, तुमची ती लाल पावडर इथेच घेऊन ये. तेव्हापासून पूजा तिथेच करतो, बॅटरी न काढता. पॅट खिडकीत टोपी काढून उभा असतो.

चारच्या आत मात्र मीही आत येतो, आणि आम्ही दोघं खिडकीचा पडदा ओढून घेतो. का, ते मला विचारू नका. मी नववी नापास माणूस.