माझ्या बाचा कागद

स्क्रीनवर पाटी आली. ‘हा कागद पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही.’

कागद माझ्या बाचा होता. वनजमिनीचा दावा. त्यावर बाचा अंगठा होता, आणि खालचा सगळा मजकूर मी टाइप केलेला. बा माझ्या खुर्चीमागं उभा होता. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावरून पहाटे निघून, खोडाळ्यापर्यंत चालत आणि पुढं जीपला लटकून जव्हारला आला होता. उद्या साहेब लोक जागा पाहायला येणार होते. कागदावर जागेच्या चारी बाजू काय लिहिल्यात, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

“काय सांगते पाटी?” बानं विचारलं.

मी काही बोलायच्या आत सर आतल्या खोलीतून बाहेर आले. संस्थेचे प्रमुख. “ए, तू बाहेर थांब,” ते बाला म्हणाले. माझ्या बाला, जो त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठा. मग माझ्याकडे वळून हसले. “दाखवायला काय सिनेमा आहे? तुमच्या लोकांना कागद दिसला की पाडाभर बोभाटा.”

बा पायरीवर जाऊन बसला. “जाऊ दे पोरी, मोठ्या लोकांचा कागूद,” म्हणाला. त्याचं हे बोलणं मला सरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आता खरं सांगते. कुलूप मीच मागितलं होतं.

आम्ही ठाकर. आश्रमशाळेत दहावी झाले, जव्हारला टायपिंग शिकले आणि एका शिंपीचाचांच्या दुकानावरच्या खोलीत चालणाऱ्या, जमिनीचे दावे भरून देणाऱ्या या संस्थेत लागले. पाड्यापाड्यांवरून दावे यायचे. सोबत म्हाताऱ्यांचे जबाब, की अमक्याच्या आज्यापासून ही जमीन तोच कसतोय. सगळं एका कॉम्प्युटरमध्ये. पासवर्ड सगळ्यांचा एकच, भिंतीवर चिकटवलेला. एकदा लाकडाच्या ठेकेदाराचा माणूस चहा प्यायला म्हणून आला आणि कुणी कुणी जबाब दिलाय ते आरामात वाचून गेला. दोन दिवसांनी एका म्हातारीच्या दारात जाऊन तो शिव्या देऊन आला. तेव्हा मी बैठकीत उभी राहिले. म्हटलं, ज्याला गरज नाही त्याला हे कागद दिसता कामा नयेत.

पुण्याहून एक इंजिनिअर आला. पोरगा चांगला. त्यानं प्रत्येक कागदाला वेगळं कुलूप केलं. एकेका माणसाच्या नावापुढं तीन चौकोन: बघणे, लिहिणे, बदलणे. कुणाला कुठला कागद, ते चौकोनात खूण करून ठरवायचं. सरांना काही ते जमेना. म्हणून सर त्यांच्या नावानं मशीन उघडून द्यायचे, नावं सांगायचे, खुणा मी करायची.

माझं नाव आलं. सर म्हणाले, “लिहिणे.” मी थांबले. “बघणे?”

“तुला बघून काय करायचंय? तुझं काम बोटं चालवायचं.” इंजिनिअर खाली बघत बसला.

आणि मी गप्प बसले. माझ्याच हातानं माझाच चौकोन रिकामा ठेवला. नोकरी हवी होती. पाड्यावरच्या लोकांचं तर त्या यादीत नावच नव्हतं. पुण्यात बसलेला इंजिनिअर आमचा कागद बघू शकत होता, पण ज्याचा कागद आहे, तो नाही. हे मला त्या दिवशी दिसलं होतं, आणि मी ते गिळलं. त्याची लाज मला आजही आहे.

पायरीवर बसलेला बा पाहिला आणि ती गिळलेली गोष्ट वर आली.

सरांचा पासवर्ड मला पाठ होता. ते जेवायला गेले की गुपचूप उघडता आलं असतं. पण बाचा कागद मी चोरून का पाहू? मी सरांना हाक मारली. “सर, इकडं या. तुमच्यासमोर करते.”

ते आले. मी त्यांच्या नावानं मशीन उघडलं. यादीत नवीन रांग घातली: दावेदार. त्यात बाचं नाव. त्याचा स्वतःचा कागद, आणि फक्त तेवढाच. बघणे. खूण केली.

“कुणाला विचारून?”

“ज्याचा अंगठा आहे त्याला. बा, आत ये. खुर्चीवर बस.”

बा बसला. मी त्याच्या नावानं कागद उघडला आणि मोठ्यानं वाचलं. वरच्या अंगाला मोहाचं झाड. खाली ओहोळ.

बानं मान हलवली. “हा माझा नाय. माझ्या वरच्या अंगाला हेदाचं झाड हाये. खाली खडक. मोहाचा तो पोशेऱ्याच्या पाड्यावरचा, माझ्याच नावाचा.”

नाव एक, आडनाव एक, आणि चतुःसीमेची पानं एकमेकांच्या दाव्यांत गेली होती. मी टाइप केलेली सुटी पानं नंतर संस्थेनंच जोडली होती, आणि जोडलेला कागद मला दिसत नव्हता. आमच्यातलं कुणीही पाहिलं असतं तरी झाडावरून ओळखलं असतं. सरांना हेद आणि मोह सारखेच. उद्या साहेब आले असते, मोह शोधला असता आणि दावा खोटा म्हणून लिहून गेले असते.

“बदलून टाक पटकन,” सर हळूच म्हणाले.

“मला बदलायची परवानगी नाही, सर. तुम्हाला आहे. बा सांगेल, तुम्ही लिहा.”

सर बसले. बानं सांगितलं, सरांनी एका बोटानं लिहिलं. हेद. खडक. बा चुकलेलं अक्षर ओळखू शकत नव्हता, म्हणून प्रत्येक ओळ मी त्याला परत वाचून दाखवली. पोशेऱ्याच्या माणसाचा कागदही त्याच बैठकीत नीट करून घेतला, आणि जीपवाल्याबरोबर त्याला निरोप धाडला: ये, तुझा कागद बघून जा.

दुसऱ्या दिवशी, साहेब लोक तिकडं जागा पाहायला गेले असताना, सर म्हणाले, “झालं ते झालं. ती रांग काढ. उद्या सगळा तालुका दारात येईल.”

“येऊ दे. एकेकाला त्याचा कागद दाखवीन. दुसऱ्याचा कुणालाच नाही, ठेकेदाराला नाही आणि मलाही नाही. मला काढायचं तर काढा. रांग मी काढणार नाही.”

मग मी त्यांच्यासमोरच त्यांच्या नावानं मशीन उघडलं आणि त्या रांगेत पोशेऱ्याच्या माणसाचं नाव घातलं.