गंजाच्या मापाची गाडी

गाडी बघायला मी गंज घेऊन गेले होते.

आमचे कुडव्याला बिछायत केंद्र आहे. लग्न असो, बारसे असो की तेरवी, त्याला लागणारी भांडी, ताटे, सतरंज्या, खुर्च्या आम्ही भाड्याने देतो. गंज म्हणजे शंभर माणसांचा भात एका वेळी शिजवणारे भांडे. आमच्याकडचा सगळ्यात मोठा गंज दारातून आडवा करूनच बाहेर काढावा लागतो. पिकअप घ्यायचे ठरले त्या दिवशी मी तो ऑटोत चढवला, नवऱ्याला तो धरून बसायला सांगितले आणि आम्ही तिघे शोरूमला पोचलो.

तिथला विक्रेता सगळे नवऱ्यालाच सांगत होता. "सर, इसमें गाने का सिस्टम है. सर, सीट देखिए कितनी आरामदायक है."

नवरा म्हणाला, "मला नका सांगू. मी फक्त गंज धरून आहे."

मग विक्रेत्याचे लक्ष गंजाकडे गेले. "मॅडम, ये क्यों लाए?"

"गाड़ी में यही बैठेगा. इसको जम गई तो लेंगे."

पहिल्या गाडीत गंज बसला, पण मागची फळी लागेना. दुसरीत फळी लागली, पण असे चार गंज बसतील का, हा प्रश्न होता. मी खडूने गंजाभोवती गोल काढला, गंज सरकवला, दुसरा गोल काढला. चार गोल काढून झाल्यावर कडेला कढयांपुरती जागा उरली. विक्रेत्याने रंग विचारला तेव्हा मी म्हणाले, पांढरा, धूळ कमी दिसते. त्याने फोटो काढायला आम्हाला गाडीसमोर उभे केले. त्या फोटोत नवरा आणि गंज दोघेही छान आले आहेत. मी बिलावर सही करत होते.

स्वतःची गाडी घेण्याचे कारण साधे होते. आधी आम्ही भाड्याच्या गाडीवर होतो. तो गाडीवाला स्वभावाने चांगला होता, पण "निघालोच" म्हणाला की समजायचे, अजून अंघोळ व्हायची आहे. एका लग्नात वऱ्हाड पंगतीला बसले आणि ताटे मागून आली. त्या गावातून आम्हाला परत कधी फोन आला नाही. दुसऱ्या गावात गंज दीड तास उशिरा पोचले. तिथूनही नाही. अशी दोन-चार गावे आणखी गेली असती तर केंद्राचे शटर ओढून आम्ही त्याच सतरंज्यांवर झोपा काढत बसलो असतो.

गाडी चालवायची मी, हेही आधीच ठरले होते. नवरा स्कूटर चालवतो आणि समोर गाय आली की थांबतो. गायही थांबते. दोघे एकमेकांना "आधी तुम्ही" करत राहतात. अशा माणसाच्या हाती वेळेवर पोचवायचा माल देता येत नाही. मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकले. शिकवणारा म्हणाला, ताई, तुम्हाला भीतीच वाटत नाही, हे बरे नाही.

गाडी घरी आली, पूजा झाली, चाकाखालची लिंबे चिरडली गेली. तिसऱ्या दिवशी फोन आला. बोदलकसाकडच्या एका गावातले मास्तर होते. त्यांचे वडील वारले होते, तेरवी होती. मास्तर म्हणाले, "तुमचा बोलबाला माहीत हाय आमाले. उशिराचा. नवाच्या आत गंज चुलीवर पायजे. बाराची पंगत हाय. नाई जमत असन तं आत्ताच सांगा, तिरोड्याचा माणूस तयार हाय."

"आता स्वतःची गाडी आहे," मी म्हणाले. "नवाच्या आत येते. नाही आले तर तिरोड्याच्या माणसाला द्या, आणि गावभर सांगा."

हे शेवटचे वाक्य बोलायची गरज नव्हती. पण बोलून गेले.

तेरवीच्या दिवशी सकाळी सातला माल चढवून तयार होता. चार गंज, तीन कढया, झारे, बादल्या, सतरंज्या. साडेसातला निघायचे, म्हणजे सावकाश गेले तरी पावणेनवाला पोचते. मी किल्ली घेऊन बाहेर आले तर गाडीच्या पुढे प्लास्टिकची खुर्ची टाकून सासूबाई बसलेल्या.

"नव्या गाडीची बोहनी तेरवीनं करून राहिली का तू?"

"आई, गंज काल घासून ठेवलेत. याच गंजात लग्नाचाही भात शिजतो."

"गंजाचं मी बोलूनच नाई राहिली. गंज जुने हायेत, त्याइले सवय हाय. गाडी नवी हाय. पयल्या खेपेले जे शिकन, तेच जलमभर करन. रोज तेरव्याच आणन घरी."

माझे मत विचाराल तर तेरवीचे गिऱ्हाईक फार चांगले. तारीख पुढे जात नाही, मुलाकडचे रुसत नाहीत, आणि खुर्च्यांचा रंग कोणी बघत नाही. पण हे बोलण्याची ती वेळ नव्हती. मी घरातून साखरेचा डबा आणला आणि गंजावर ठेवला. "ही घ्या, गोड बोहनी."

सासूबाईंनी डब्याकडे बघितले. "पयले का चढलं?"

"गंज."

"मंग साखर पाचवी झाली."

सासूबाई शाळेत चौथीपर्यंत गेल्या, पण पुढे शिकल्या असत्या तर वकील झाल्या असत्या आणि आम्ही सगळे सुखी असतो. मी आणि नवऱ्याने चारही गंज आणि बाकीचा सगळा माल खाली उतरवला. सात वाजून वीस मिनिटे झाली होती.

आता शुभ काय चढवायचे? नवरा म्हणाला, तांदूळ. आमच्याकडे तांदळाहून शुभ काय असणार? पण घरचा तांदूळ मिलमध्ये होता आणि घरात होते ते रेशनचे पोते. सासूबाई म्हणाल्या, "तो सरकारचा हाय. पुण्य सरकारले लागन."

समोर पिठाची चक्की आहे. चक्कीवाला आतापर्यंत पट्टा चालू ठेवून ऐकत होता. आता त्याने पट्टा बंद केला. "भाभी, नवरानवरीवाला सोफा चढ़ाओ ना. शादी का माल है."

हे सासूबाईंना एकदम पटले. लाल मखमलीचा, सोनेरी पायांचा तो सोफा आम्ही फक्त लग्नालाच देतो. आम्ही तो चढवला. मी किल्ली लावायला गेले.

"थांब वो. खाली सोफा घेऊन चालली का? रिकामा सोफा म्हणजे बसणारा गेला."

"मग तुम्ही बसा त्यावर," मी नवऱ्याला म्हणाले. तो चढला आणि मधोमध बसला.

"एकटा नवरदेव?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "बाई माय, हे तं त्याहून वाईट झालं. जोडी पायजे, जोडी!"

जोडी म्हणजे मी. आणि गाडी चालवणारीही मीच. चक्कीवाल्याला गाडी येत नव्हती, शेजारच्यांना येत नव्हती. चक्कीवाला म्हणाला, मी आणि माझी बायको बसतो, भाभी चालवतील. सासूबाई म्हणाल्या, "गाडी आमची अन् जोडी तुमची? वारे वा."

सात पस्तीस. मी हिशेब केला. वाद घालायला एक तास लागेल. ढकलायला पाच मिनिटे लागतील.

"ढकला," मी म्हणाले. "चक्कीपासून वळणापर्यंत. इंजिन बंद. झाली खेप."

स्टेअरिंग कोणी धरायचे हा प्रश्न उरला. दुसऱ्या कोणाला बसवले असते तर त्याने स्वतःचे डोके चालवले असते. सासूबाई नुसते धरतील. मी त्यांना आत बसवले. किल्ली अर्धी फिरवून ठेवली, म्हणजे स्टेअरिंग अडकत नाही, आणि सांगितले, "हे असेच सरळ धरा. काही झाले तरी सोडू नका, फिरवू नका."

"मले येते धरता," त्या म्हणाल्या.

मी मागे चढून नवऱ्याशेजारी बसले. चक्कीवाला, त्याची बायको आणि रस्त्यावरचे चार-पाच जण मागून लागले. गाडी हलेना.

"भाभी, गाड़ी भारी है कि आप?"

"हँडब्रेक लागलेला आहे." मी उतरले, ब्रेक काढला आणि परत चढायला गेले.

"उतरलीस ना?" पुढून आवाज आला. "आता पयल्यापासून." गाडी तीन बोटे पुढे गेली होती, ती लोकांनी तीन बोटे मागे घेतली.

मग गाडी चालली. लोकांना वाटले खरेच काही आहे, म्हणून दारादारांतून बायका बाहेर आल्या. एकीने आमच्यावर तांदूळ टाकले. एक जण म्हणाला, "फिर से शादी कर रहे क्या?" नवरा म्हणाला, "हो, हिच्याशीच," आणि दोन्ही हात जोडून लोकांना नमस्कार करू लागला. आमच्या लग्नात तो वर मान करत नव्हता. सव्वीस वर्षांनी त्याला नवरदेव होणे जमले.

वळण आले. मी ओरडले, "आई, फिरवा!"

"तूच म्हणाली ना, फिरवू नोको!"

वळणावर एकाच्या घराचे बांधकाम सुरू आहे. तिथे वाळूचा ढीग होता. गाडी अत्यंत सरळ त्यात गेली आणि थांबली. नवरा सोफ्यावरून पुढे येऊन केबिनच्या काचेला टेकला. कोणाला काही झाले नाही, गाडीलाही ओरखडा नव्हता, पण पुढची चाके अर्धी वाळूत होती. सासूबाईंचे दोन्ही हात अजून स्टेअरिंगवर होते.

"झाली बोहनी," त्या खाली उतरत म्हणाल्या. "वाळूले लागली. म्हणजे घर बांधान तुम्ही."

सात पन्नास. गाडी मागे घेणे मला शेवटच्या दिवशी शिकवले होते आणि त्या दिवशी शिकवणाऱ्याला घाई होती. मी चाकांखाली आमची एक सतरंजी घातली आणि गिअर टाकला. चाकांनी सतरंजी वाळूसकट मागच्या लोकांच्या अंगावर फेकली. चक्कीवाला एरवी पांढराच असतो, त्यामुळे त्याच्यावर काही दिसले नाही. तिसऱ्या खेपेला गाडी निघाली. सोफा उतरवला, गंज आणि बाकीचा माल चढवला, आणि आम्ही निघालो तेव्हा सव्वाआठ झाले होते.

तिरोड्याच्या रस्त्याला लागल्यावर मी गाडी जमेल तेवढी पळवली. नवरा दर दोन किलोमीटरला घड्याळ बघून मला वेळ सांगत होता. शेवटी मी त्याला म्हणाले, घड्याळ मलाही दिसते. मग तो मनात सांगू लागला, ते जास्त वाईट होते. पुढे एक धानाचा ट्रॅक्टर डुलत चालला होता. त्याच्या मागे पाच मिनिटे गेली. फाटकावर सहा मिनिटे. मी मनात मास्तरांशी बोलायची वाक्ये तयार करत होते. खरे कारण सांगायचे की पंक्चर म्हणायचे? पंक्चर सगळेच म्हणतात. खरे कारण सांगितले तर ते आणखी खोटे वाटले असते.

नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी मी मास्तरांच्या अंगणात गाडी उभी केली.

मांडवात कोणी नव्हते. तीन चुली खणून ठेवल्या होत्या आणि तिन्हींत एकेक कुत्रे झोपले होते. मास्तर बनियनवर, तोंडात ब्रश घेऊन घरातून बाहेर आले. त्यांनी गाडीकडे बघितले, गंजाकडे बघितले, तोंडातला फेस थुंकला.

"अरे बापरे. इतक्या सकाळी आल्या तुमी?"

"तुम्ही नऊ म्हणाला होता."

"नऊ तं मी सगळ्याइलेच म्हणतो," मास्तर म्हणाले. "नऊ म्हटलं की साडेदहाले येतेत. आचाऱ्याले मी आठ सांगितलं होतं. त्याचा अजून पत्ता नाई."

नवरा गाडीतून उतरला आणि मोठ्याने हसायला लागला. तेरवीच्या घरी असे हसतात का, म्हणून मी त्याला कोपर मारले. मास्तरांनी आतून दोन खुर्च्या मागवल्या. त्या खुर्च्या तिरोड्याच्या माणसाच्या होत्या. सावधगिरी म्हणून त्यांनी त्यालाही सांगून ठेवले होते. तो खुर्च्या आदल्या दिवशी टाकून गेला होता आणि गंज घेऊन येणार होता. त्याला कितीची वेळ दिली होती, ते मी विचारले नाही.

"आता का करायचं?" मास्तर म्हणाले. "गंज हाय, पण लाकडं नाई, आचारी नाई. आचारी पुढच्या गावात राहते. लाकडंही तिकडंच." मग त्यांनी माझ्या गाडीकडे नव्याने बघितले. गाडी घेतल्यापासून तशी नजर मी चांगली ओळखते. "तुमची गाडी आता खालीच होईन ना?"

आम्ही गंज उतरवले आणि मी आचाऱ्याला आणायला गेले. तो अंगणात दाढी करत होता. गाडी कोण चालवते ते बघून म्हणाला, "बाई, मी मोटरसायकलनं येतो."

"तुमची मोटरसायकल आठला यायची होती," मी म्हणाले. "बसा."

तो अर्ध्या दाढीने बसला. मागे लाकडे, झारा मांडीवर. सगळा रस्ता त्याने एका हाताने दाराची मूठ धरली होती. दहाला चूल पेटली, पावणेबाराला भात उतरला, आणि बाराची पंगत साडेबाराला बसली. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितले की या गावात इतक्या वेळेवर पंगत कोणीच बघितली नव्हती. तिरोड्याचा माणूस पंगत बसल्यावर गंज घेऊन आला. मास्तरांनी त्याला जेवायला बसवले.

निघताना मास्तर गाडीपर्यंत आले. "वर्षश्राद्धाचं तुमालेच पक्कं. अन् उन्हाळ्यात पोरीचं लगन हाय, तेही तुमचंच."

"चालेल. पण एक सांगते, मास्तर. पुढच्या वेळी खरी वेळ सांगा."

मास्तरांनी थोडा विचार केला. "खरी सांगितली, अन् तुमी खरंच आल्या, तं आमी तयार असू का?"

मी म्हणाले, ते तुमचे तुम्ही बघा, मी गंज उतरवून जाईन. गाडी सुरू केली आणि मागे घेतली. या वेळी कोणाला ढकलावे लागले नाही.