मी उतरलो ते पाणी

मी अजून पाण्यातच होतो. कमरेइतक्या पाण्यात, एक हात स्किमरच्या तोंडात. काठावर पोहायला आलेली मुलं उभी होती. त्यातल्या एकाने पाय बुडवला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं, नळाखाली नेलं आणि पाय धुवायला लावला. मग सगळ्यांना म्हणाले, "आत्ता नाही. आधी हे पाणी जाऊ दे."

माझ्यादेखत. मराठीत. मला मराठी कळतं हे ठाऊक असून.

मी बेंगळुरूत पूलचे पंप दुरुस्त करतो. इंदिरानगरच्या त्या सोसायटीत एकाच तक्रारीसाठी परत परत जात होतो. पंप पाणी ओढत नाही. स्किमर म्हणजे तलावाच्या भिंतीतलं चौकोनी तोंड, पाण्याच्या वरच्या पातळीला. पानं, किडे तिथे अडकतात आणि पाणी पुढे पंपात जातं. त्यात हवा शिरली की पंप कोरडा पडतो आणि ओरडायला लागतो. घशात घास अडकलेल्या माणसासारखा. मग झाकण काढा, पाणी ओता, हवा काढा, पुन्हा सुरू करा.

झाकणाचं रबर मी बदललं. सांधे पक्के केले. हवा कुठून येते ते बघायला आत उतरून एकेक तोंड बुजवून पाहिलं. पंप झकास चालायचा. मी गेलो की काही दिवसांत फोन. पाणी काठोकाठ भरलेलं आणि पंप कोरडा.

"भिंतीतला पाइप चिरला असेल," मी एकदा म्हणालो.

"नाचता येईना, अंगण वाकडं," सेक्रेटरी म्हणाले. आमच्या मालकालाही त्यांनी कळवलं, माणूस कामाचा नाही. मालक म्हणाले, अजून एकदा तक्रार आली तर तुझं बघावं लागेल.

हेच सेक्रेटरी पहिल्या दिवशी केवढे खूश झाले होते. मोठ्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. माझं मराठी ऐकून म्हणाले, "अरे वा, आपला माणूस. बसा, चहा घ्या." मग गाव कुठलं. लातूरकडचं. गावात घर कुठल्या बाजूला. वडील काय करायचे. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. शेवटी मीच आडनाव सांगितलं. चहा आला, कागदाच्या कपात. ते स्वतः चिनीमातीच्या कपात पीत होते. पुढच्या खेपेपासून मी "तू" झालो आणि चहा बंद झाला.

पंपाचा तो आवाज माझ्याबरोबर घरी यायचा. जेवताना ऐकू यायचा. बायको म्हणायची, कुठे लक्ष आहे तुमचं? कुठे असणार. आपलं काम आपल्याला येत नाही, ही भीती माणसाला आतून खाते. मी स्वतःवरच संशय घेत होतो.

आणि त्या आवाजामागून बाबा यायचे. बाबा गावात विहिरीतला गाळ काढायचे. उन्हाळ्यात दोर लावून खाली उतरायचे, गळ्यापर्यंत चिखलात. ते वर आले की गावकरी मोटार लावून झरलेलं पहिलं पाणी उपसून फेकायचे, मग विहीर भरू द्यायचे. बाबा हे आम्हाला हसत हसत सांगायचे. "आपण उतरलो की विहिरीला आंघोळ," म्हणायचे आणि हसायचे. लहानपणी मीही हसलो होतो. आता ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही, बाबा, तुम्ही हसत का होतात?

मुलाचा पाय धुतला त्या दिवशी मी सामान आवरत होतो. झाडलोट करणाऱ्या अक्का जवळ आल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प सुनो. तुम जाता ना, बाद में पानी छोड़ते. सेक्रेटरी सर बोलते छोड़ो. फिर टँकर मंगाते."

"हर बार?"

"तुम अंदर उतरता, तब."

मी तिथेच बसलो. मी गेलो की व्हॉल्व्ह फिरवायचा आणि पंपानेच पाणी गटारात फेकायचं. पातळी स्किमरच्या तोंडाखाली जायची आणि पंप हवा ओढायचा. मग टँकरने पाणी वर आणायचं, कोरड्या पंपासाठी मला बोलवायचं, मी उतरायचं, मी गेलो की पुन्हा सोडायचं. दोष ना रबरात होता ना पाइपात. मागच्या खेपेला गेटाबाहेर चहा पिताना गटारातून क्लोरीनच्या वासाचं पाणी वाहताना मी पाहिलं होतं. पाय वर घेऊन चहा पीत राहिलो होतो. आमच्या गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग लागते, त्या दिवशीही लागली असणार.

मी घरी गेलो नाही. पंपाच्या खोलीत थांबलो. थोड्या वेळाने वॉचमन आला, मागे सेक्रेटरी. वॉचमन व्हॉल्व्हकडे वळला तेव्हा त्यावर माझा हात होता.

"तू गेला नाहीस अजून?"

"पाणी कशाला सोडताय?"

"स्वच्छतेचा प्रश्न आहे."

"पोहायला शिकवणारे सर रोज उतरतात. त्यांच्यानंतर सोडता?"

ते एक पाऊल पुढे आले. मग आवाज खाली आणून, अगदी समजूत काढल्यासारखे म्हणाले, "हे बघ, लोकांच्या भावना असतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुमच्या गावाकडे काय कमी होतं का हे?"

नव्हतं कमी. बाबा हसले असते. दोर गुंडाळून घरी गेले असते. माझा हात व्हॉल्व्हवरच होता.

मी मालकाला फोन लावला, स्पीकरवर. "काय फॉल्ट निघाला?" त्यांनी विचारलं.

"पंपात काही नाही," मी म्हणालो. "मी पाण्यात उतरलो की हे ते पाणी फेकून देतात. म्हणून पंप हवा धरतो. सेक्रेटरी समोरच आहेत, विचारा."

मालकांनी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. सेक्रेटरी वॉचमनकडे बघत राहिले. वॉचमन खाली.

मी बाहेर आलो आणि पुन्हा पायऱ्यांनी पाण्यात उतरलो. काही काम नव्हतं. खोल बाजूला जाऊन नुसता उभा राहिलो, गळ्यापर्यंत, बाबा उभे राहायचे तसा. मुलं बघत होती. बाल्कन्यांतून माणसं बघत होती. मला उतरताना बघून मुलांनी काय शिकायचं ते शिकावं.

ते काम माझं गेलं. मालक म्हणाले, सेक्रेटरींची माफी माग, परत लावून देतो. मी मागितली नाही आणि मागणार नाही. नंतर सोसायटीने ते पाणी सोडलं असेल. सोडलंच असेल. पंपाचा आवाज अजून कानात येतो.

माझी मुलगी आता विचारते, आजोबा काय करायचे? तिला मी विहीर सांगणार आहे, आणि हा तलावही, गेटासकट, माणसांसकट. जो विचारेल त्याला सांगणार आहे. हसत नाही सांगणार.