मतपेटी न आलेला दिवस

मतदानाचा म्हणून जाहीर झालेल्या दिवशी सकाळी आठ वाजता धर्मीबाय आमच्या शाळेच्या कुलूपबंद खोलीसमोर येऊन उभी राहिली. धुतलेलं लुगडं, हात रिकामे. डोक्यावर मासळीची टोपली नव्हती, म्हणून मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. त्या खोलीत मतपेटी येणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं. पेटी का येणार नव्हती, हे मला ठाऊक होतं.

मीरा, तुझं पत्र वाचून आठवलेली ही साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरच्या अलीकडच्या एका गावात मी शिक्षिका होते. धर्मीबाय तिथल्या कोळीवाड्यातली विधवा. बोंबील वाळवून बोईसरला विकायची. वाटेत माझ्या ओट्यावर टोपली उतरवून आधी पाणी मागायची. "बाय, तुमचा पानी गोड. आमचा पानी म्हनजे डोल्यातला, खारा." कोळीवाड्याची विहीर खचली होती, तिच्यात खारं, गढूळ पाणी शिरायचं. एका पावसाळ्यानंतर धर्मीबायची लहानगी नात जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत गेली.

तेराव्यानंतर ती पाटी घेऊन माझ्याकडे आली. "मना माझा नाव लिवाला शिकवा. मी पंचायतीला उभी रानार."

आमच्या गावात निवडणूक नेहमी बिनविरोध व्हायची. बागायतदार मंडळी देवळात बसून नावं ठरवत.

"तुला मत कोण देणार गं?" मी हसून विचारलं.

"नका देऊ. पन मी उभी राली, तं समोरच्याला मत मागाला आमच्या कोलीवाड्यात यावा लागल. मंग मी त्याला तांब्याभर आमचा पानी देन."

अर्जावर तिने स्वतः सही केली. आठवडाभरात तिच्या मुलाच्या होडीवर एकही खलाशी चढेना. मग गावचे पुढारी नाना माझ्याकडे आले. "बाई, आपल्या गावात पंचायतीसाठी आजवर मतपेटी आलेली नाय. ही गावाची अब्रू हाय. तुमचा ती ऐकते." विहीर बांधून देण्याचा शब्दही त्यांनी दिला. कॉलेजात मी लोकशाहीवर इंग्रजीत निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. तरी त्या दिवशी मला 'एकमत' हा शब्द फार सुंदर वाटला. अर्ज मागे घेण्याचा कागद घेऊन मीच तिच्या घरी गेले.

"नानांनी शब्द दिलाय," मी म्हणाले.

"कोनाला दिला? तुमाला. मना नाय."

तिचा मुलगा दारात पाठ करून बसला होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि कागद ओढून घेतला. मी शिकवलेली तीच अक्षरं तिने सावकाश काढली. "हरली असती तं मोजून हरली असती, बाय. आमी किती जनांना नको, ता तरी कलला असता."

म्हणून ती त्या दिवशी येऊन उभी होती. मधल्या सुट्टीत मी बाहेर गेले. "धर्मीबाय, आज मतदान नाही. घरी जा."

"तारीख आजचीच लिवलेली ना? मी आली. बाकीचे नाय आले."

मी तिच्या मागे उभं राहायला हवं होतं. दोन माणसं झाली की रांग होते. पण घंटा झाली आणि मी वर्गात गेले. ऊन उतरेपर्यंत ती एकटीच उभी होती.

विहीर बांधली गेली नाही. पुढच्या निवडणुकीच्या आतच, नातीच्याच दुखण्याने, धर्मीबायही गेली. ती निवडणूकही बिनविरोध झाली. गुलाल उधळला गेला तेव्हा मी खिडकी लावून घेतली.

तुझ्या तिकडच्या निवडणुकीत कागदावर एकच नाव होतं, म्हणून तू मत द्यायला गेली नाहीस, असं तू लिहिलंस. तुझ्यासाठी निदान खोली उघडी होती. पुढच्या वेळी जा. आणि तिथे कोणी एकटीच उभी दिसली, तर तिच्या मागे जाऊन उभी राहा.