मामांची जपानी चेरी

ऐन थंडीत एस.टी.तून बर्फ वाहून नेणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला होता. हे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. नोकरी दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात, घर शिरूर तालुक्यात निमोण्याला आणि जीव जपानात. जपान त्यांनी पाहिला होता तो फक्त एका कॅलेंडरवर. त्या चित्रातली चेरीची झाडं अशी फुलली होती की पानाला जागा नव्हती. ते पाहून मामा जे बिघडले ते बिघडलेच. बोटीवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी तिथलं बी मिळवलं आणि रोपं करायला सुरुवात केली. काही वाळवीनं खाल्ली, एक शेळीनं, बाकीची आमच्या वैशाखानं. एकच तेवढं घरामागे न्हाणीच्या पाण्यावर तगलं. पुरुषभर उंच झालं, पण वर्षानुवर्षं एक कळी धरेना.

झाडाला कडक थंडी लागते, तेव्हाच ते फुलतं, असं मामांनी कुठल्याशा ग्रंथात वाचलं होतं. निमोण्याची थंडी त्यांना पसंत नव्हती. मग स्टेशनात मासळीच्या पेट्यांसाठी येणाऱ्या बर्फातली एक लादी दर शनिवारी भुशात, गोणपाटात गुंडाळून ते घरी आणायचे आणि बुंध्याभोवती रचायचे. वाटेत ती गळायची. "मामा, आज कुणाच्या अंगावर सांडताय?" असं कंडक्टर तिकिटाआधी विचारायचा. झाडाच्या पानापानाची लांबी त्यांनी वहीत लिहून ठेवली होती. स्वतःच्या मुलीचं वय मात्र आत्याला विचारून सांगायचे. उन्हाळ्यात झाडावर आत्याच्या नऊवारीचं छत. "माझ्या डोस्क्यावर कवा छत्री धरली न्हाई ह्यांनी," आत्या म्हणायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

एका होळीला मी पुण्याहून आलो आणि दौंडहून मामांबरोबरच निमोण्याला उतरलो. दुपारची वेळ. फाट्यावर एक ओळखीचे आप्पा मोठ्या आपुलकीनं म्हणाले, "मामा, तुमच्या परसातलं वाळकं झाड न्यायला तालमीतली मंडळी गेल्यात. ब्येस झालं, हुळीला लाकूड कमीच व्हतं." थंडीत चेरीची सगळी पानं गळतात, फाल्गुनातही ती बोडकीच असते. गावाच्या लेखी ते झाड केव्हाच मेलेलं होतं, आणि होळीला वाळकं लाकूड विचारून न्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

मामा धावले. साठीला टेकलेला माणूस, एक चप्पल ओढ्यात राहिली तरी थांबेना. मी त्यांच्या मागे. घराजवळ तालमीतले चौघे कुऱ्हाडी खांद्यावर टाकून समोरून आले. हातात काटकीही नव्हती.

त्यांच्यातला थोरला रागानंच म्हणाला, "मामा, देवाचं झाड हाय ते आधी सांगायचं की! पाप लागलं असतं आमाला."

परसात झाड जागेवर होतं. बुंध्याला हळद-कुंकू, खाली शेंदूर फासलेला दगड, पुढ्यात फोडलेला नारळ. शेजारी आत्या गहू निवडत बसलेली. शेंदूर फासलेला धोंडा दिसला की मामा एरवी अंधश्रद्धेवर तासभर व्याख्यान द्यायचे.

"काय करू?" आत्या मान वर न करता म्हणाली. "कुऱ्हाडीम्होरं तुमचा ग्रंथ वाचत बसू व्हय?"

माझा जीव भांड्यात पडला. मामा मात्र तिथंच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. आत्यानं त्यांना पाणी दिलं, आणि दुसरी चप्पल कुठंय म्हणून फैलावर घेतलं.

पाडव्याच्या आत त्या झाडाला फुलं आली. मोजून चार, फिकट, नखाएवढी. मामा हाका मारत सुटले. आत्या परडी घेऊन आली, खालीवर बघत म्हणाली, "एवढ्यासाठी?" आज दोघंही नाहीत. पण ती सकाळ आठवली की मला अजून बरं वाटतं. लोकांच्या कुंपणातली जास्वंदही न सोडणारी माझी आत्या त्या झाडाखाली पुष्कळ वेळ उभी राहिली, मग रिकामी परडी घेऊन घरात गेली, आणि त्या दिवशी तिनं देवाला नुसत्या अक्षता वाहिल्या.