बरोबर मापाचे फिन्स

समुद्रात तोंड खुपसून मासे बघायला जाऊ या, असं माझा नवरा म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस मूळचा पुण्याचा, पाण्याशी त्याचा संबंध आंघोळीपुरता. टोकियोत आम्ही अकरा वर्षं काढली, पण समुद्रावर गेलो की हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा राहायचा आणि आमच्या बॅगा सांभाळायचा. त्याला आता एकाएकी इझूच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन स्नॉर्केलिंग करायचं होतं, तेही याच उन्हाळ्यात.

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं आहे. सगळं नीट चाललंय असं कुणी म्हणालं की कुठे बिघडलंय ते शोधायचं, याचाच मला पगार मिळतो. घरी आल्यावर ती सवय चपलांसारखी दारात काढून ठेवता येत नाही. त्यामुळे गेले काही महिने मी नवऱ्यावर नजर ठेवूनच होते. एक जुनं कपाट टाकायचं म्हणून मी वर्षभर त्याच्या मागे लागले होते. इथे मोठा कचरा टाकायचा तर आधी फोन करून वेळ घ्यावी लागते, स्टिकर आणून चिकटवावा लागतो, म्हणून तो टाळत होता. एका सकाळी त्यानं ते न सांगता उरकून टाकलं. मग दर रविवारी कुठलं तरी देऊळ, कुठली तरी बाग. अकरा वर्षं राहिलेल्या शहरात हा पाहुण्यासारखा फोटो काढत हिंडू लागला.

आधी मला वाटलं, ऑफिसात कुणीतरी आहे. पण ज्याचं बाहेर काही चालू असतं तो रविवारी बायकोमुलीला घेऊन बागा बघत नाही. मग वाटलं, तब्येत. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट मागितला, तर त्यानं लगेच हातात ठेवला. कोलेस्टेरॉल सोडलं तर ठणठणीत. लगेच दिला याचाही मला थोडा संशय आला.

सामान भाड्यानं घेऊ, तो म्हणाला, किनाऱ्यावरच मिळतं. इथे मात्र मी अडले. स्नॉर्केल म्हणजे तोंडात दातांनी धरून ठेवायची नळी. माझ्याआधी ती किती जणांनी चघळली असेल कोण जाणे. जंतुनाशकात बुडवून ठेवतात म्हणे. बुडवोत बापडे, उष्टं ते उष्टंच. नवरा म्हणाला, एका दिवसासाठी कशाला विकत घ्यायचं? मी म्हटलं, एका दिवसासाठी का, दरवर्षी जाऊ की. त्यावर त्यानं हट्ट सोडला, आणि शनिवारी आम्ही तिघं स्टेशनजवळच्या खेळांच्या सामानाच्या दुकानात गेलो.

आमची मुलगी दहा वर्षांची, जन्मानं इथलीच. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, आणि आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही. दुकानात शिरल्या शिरल्या तिनंच तिथल्या विक्रेत्याला सांगून टाकलं की आम्ही तिघंही अगदी नवशिके आहोत. मला ते आवडलं नाही. नवशिकं गिऱ्हाईक म्हणजे आयतं सावज.

त्यानं दोन प्रकारची स्नॉर्केल दाखवली. एक साधी वाकडी नळी. दुसरीच्या टोकाला झाकण, लाट आली की आपोआप बंद होणारं, आणि खाली तोंडाजवळ आत शिरलेलं पाणी फुंकरीनं बाहेर टाकायला एक झडप. नवशिक्यांनी दुसरीच घ्यावी, म्हणाला. ती महाग होती, हे सांगायलाच नको. मी झाकण बोटानं वरखाली करून पाहिलं, ते अडकतं का बघितलं. मुलांच्या नळ्या आखूड आणि बारीक, तरी किंमत जवळपास तीच. असं का, विचारलं. तो म्हणाला, नळी मोठी असली की सोडलेला श्वास आतच राहतो आणि लहान मूल तोच परत ओढतं. मी त्याच्यासमोरच फोनवर शोधलं. ते खरं निघालं. म्हणून आम्हा दोघांसाठी मोठ्या, एक छोटी, अशा झाकणवाल्याच नळ्या घेतल्या.

मग फिन्स, पोहताना पायात चढवायचे रबरी पंख. लांब पात्यांनी नवशिक्यांच्या पायात गोळे येतात, आखूड आणि मऊ घ्या, इथवर माझी हरकत नव्हती. हरकत मापाला होती. आमच्या घरात मुलीसाठी आजवर बरोबर मापाची एकही वस्तू आलेली नाही. बूट, रेनकोट, शाळेचा पोहण्याचा पोशाख, सगळं वाढत्या अंगाचं. आणि हा नियम माझा नाही, नवऱ्याचा. थोरल्या भावाचे कपडे वापरून वाढलेला माणूस. दुकानात बूट चढवले की तो खाली बसून मुलीच्या बोटांपुढे आपला अंगठा दाबून बघतो. अंगठाभर जागा राहिली नाही तर तो बूट परत. पैसे मिळवायला लागल्यावरही त्यानं हे सोडलं नाही, आणि मी त्यावरून त्याला आयुष्यभर चिडवत आले.

विक्रेता म्हणाला, फिन्स पायाला घट्टच हवेत. सैल असले तर टाच सोलवटते, आणि पाण्यात निघून जातात. मला वाटलं, दरवर्षी नवे खपवायची ही युक्ती. तिथेच मागे पट्टा असलेले फिन्स टांगलेले होते. मी म्हटलं, ते घेऊ, आत्ता आवळायचे, पुढच्या वर्षी सैल करायचे. तो सांगू लागला की त्यांच्यासोबत आत घालायला वेगळे बूट घ्यावे लागतील. मी म्हटलं, तेही बघू. मुलगी तोवर पूर्ण पाय आत जाणारे फिन्स चढवून गालिच्यावर फटक फटक चालत होती. मी नवऱ्याकडे पाहिलं, तो आता खाली बसून अंगठा दाबेल म्हणून.

तो उभाच राहिला. म्हणाला, "बरोबर मापाचे घे. तिला यंदाच तर लागणार आहेत."

मुलगी म्हणाली, "पित्तारी." अगदी चपखल बसले, असं तिला म्हणायचं होतं. विक्रेता खूश झाला. मी मात्र पैसे देतानाही त्या ‘यंदाच’चाच विचार करत होते.

परतीच्या ट्रेनमध्ये बोलता येत नाही, इथे कुणीच बोलत नाही. मी पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत बसले आणि तो वरच्या जाहिराती वाचत राहिला. घरी पोचल्यावर मुलगी खाली मैत्रिणींकडे सायकल घेऊन गेली, तेव्हा मी दार लावलं.

"आपण परत चाललोय का?"

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. येत्या मार्चमध्ये त्याचं इथलं काम संपतंय, कंपनी पुण्याला परत बोलावतेय. त्याला हे एप्रिलपासून माहीत होतं. मुलीचा एक उन्हाळा तरी चांगला जावा, तिनं इथलं सगळं बघून घ्यावं, म्हणून गप्प राहिलो, म्हणाला. बोलताना त्याचे डोळे भरून आले होते, हे मी नाकारणार नाही.

तरीही मला भयंकर राग आला. अकरा वर्षांपूर्वी जपानला जायचंय हेही त्यानं मला सगळं ठरल्यावरच सांगितलं होतं. तो कामाच्या व्हिसावर आला, मी त्याच्यामागून बायको म्हणून. पदरी डिग्री असून, मुलीला पाळणाघरात ठेवून दोन वर्षं मी जेवणाचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून भात भरला. तिथल्या बायकांकडून भाषा शिकले, मग क्लास लावला, परीक्षा दिल्या, आणि टोकियोच्या कोतो भागातल्या या छोट्या कंपनीत अर्धवेळ शिरले. ही नोकरी मला कुणी बदलीबरोबर दिली नव्हती. ती सोडायची आहे हे घरात एका माणसाला चार महिने माहीत होतं, आणि तो माणूस मी नव्हते. हे सगळं मी त्याला ऐकवलं.

ऑगस्टमध्ये आम्ही इझूला गेलो. फिन्स घालून सरळ चालत पाण्यात शिरायला गेलं की माणूस तोंडावर आपटतो, म्हणून तिघं हात धरून उलटे चालत गेलो. मुलगी लगेच रुळली. तिचे फिन्स शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत, विक्रेत्याला तेवढं श्रेय द्यायला हवं. नवरा लाइफ जॅकेट घालून काठाजवळच्या दोरीला चिकटून होता. बऱ्याच वेळानं त्यानं एकदा तोंड पाण्यात घातलं, आणि वर आला तो नळी तोंडातून काढून मला सांगायला लागला की खाली निळे मासे आहेत, अगदी पायापाशी. त्याला इतकं खूश झालेलं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मला त्याची कणव आली.

किनाऱ्यावर टॉवेल गुंडाळून बसल्यावर मुलीनं जपानीत विचारलं, पुढच्या वर्षी पण इथेच यायचं ना? नवरा खाली वाकून फिन्सवरची वाळू झटकू लागला.

"येऊ," मी म्हटलं.

ती बर्फाच्या गोळ्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली, तसा तो हळूच म्हणाला, "तिला खोटं कशाला सांगतेस?"

मग मी त्याला सांगितलं. माझ्या ऑफिसात मी विचारलं होतं. येत्या एप्रिलपासून मला पूर्णवेळ घ्यायला ते तयार होते. व्हिसा माझ्या नावावर होऊ शकत होता, आणि मुलीचा माझ्या व्हिसावर.

तो माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मी ओळखली, गेले काही महिने मीच त्याच्याकडे तशी बघत होते. मी आणखी काय लपवलंय, ते तो शोधत होता. वाळू झटकून संपली होती, तरी फिन्स त्याच्या हातातच होते.

"आणि मी?" त्यानं विचारलं.

"अकरा वर्षांपूर्वी मी आले होते तसा तू राहा," मी म्हटलं.

तो हसला नाही. मीही ते थट्टेत म्हटलं नव्हतं.