काशीला गेलेले पाहुणे

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. वेड्यांच्या इस्पितळात नोकरी केलीय म्हटलं की समोरचा आधी जरा मागं सरकतो, मग खुर्ची पुढं ओढून म्हणतो, "सांगा की एखादा." असं सांगून सांगून ते साठतात. मी कोरेगावचा. आधी काही वर्षं सरकारी इस्पितळात अटेंडंट होतो, मग लढाईच्या दिवसांत सांगलीला एका डॉक्टरांच्या खासगी आरोग्यधामात. लोक विचारतात, दोन्हींत चांगलं कुठलं? मी म्हणतो, आधी ऐकून तर घ्या.

*

सरकारीत खाटा कमी, माणसं जास्त. उरलेले घोंगडी टाकून जमिनीवर. डॉक्टरांना रोग्याचं नावसुद्धा ठाऊक नसायचं. सांगलीत प्रत्येकाला स्वतंत्र खोली, मच्छरदाणी, खिडकीतून कृष्णा, आणि डॉक्टरांना रोग्याच्या मेव्हण्याच्या व्याह्याचंही नाव पाठ! औषध मात्र दोन्हीकडं तेच, ब्रोमाइडचं मिक्श्चर. सांगलीत ते चांदीच्या चमच्यानं द्यायचो, एवढाच फरक.

सांगलीत 'वेडा' म्हणायला बंदी होती. रोगीसुद्धा नाही, 'पाहुणे' म्हणायचं. माझी जीभ सरकारी. पहिल्याच आठवड्यात अंगणातून ओरडलो, "वेड्यांचा चहा झाला का?" नेमके कुणाचे तरी नातेवाईक व्हरांड्यात बसलेले. डॉक्टर मला सोलून काढणार, एवढ्यात अण्णासाहेब बाहेर आले. हेही पाहुणेच, साताऱ्याचे नावाजलेले वकील. म्हणाले, "डॉक्टर, त्यांना बोलू नका. इथं घरच्यासारखं बोलणारे ते एकटेच आहेत."

*

सरकारीत धोंडी नावाचा मेंढपाळ होता, कवठे महांकाळच्या बाजूचा. त्याला आणला तेव्हा कमरेला दोरी बांधून बैलगाडीतून आणला होता. वाटेतल्या गावांनी बाहेर येऊन बघितला. अब्रू म्हणून काही शिल्लकच ठेवली नव्हती सरकारनं.

बरा झाल्यावर सरकारनंच त्याला घरी पोचवला. बरोबर एक पोलीस आणि मी. वस्तीवर पोचलो तर सगळी माणसं गोळा. मला वाटलं, आता दगड येतात. त्याची म्हातारी पुढं झाली, त्याला खालीवर बघितलं आणि म्हणाली, "आला व्हय रं येडा? हात धू, भाकरी खा."

तो जेवत असताना एकानं विचारलं, "तितं जेवाय काय घालत्यात रं?"

"आमटी," धोंडी म्हणाला. "पर लय पातळ."

"मग बरा कसा झालास गड्या?"

पोलिसाला पोचपावती हवी होती. पाटलानं अंगठा उठवला, पार्सल सोडवून घ्यावं तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडी मेंढरं घेऊन माळावर गेलासुद्धा.

हा किस्सा अण्णासाहेबांना फार आवडायचा. चारचौघांत मिशीतल्या मिशीत हसायचे आणि सगळे उठले की हळूच म्हणायचे, "ती म्हातारी काय म्हणाली, ते पुन्हा सांगा."

*

सांगलीच्या पाहुण्यांना कोणी दोरीनं बांधून आणत नसे. ते काशीला जात. म्हणजे घरचे गावात तसं सांगत. मुलींची लग्नं व्हायची असतात, घराण्याला वेडाचा डाग नको. तेव्हा माणूस आमच्याकडं व्हरांड्यात बसलेला आणि गावाच्या हिशेबी विश्वनाथाच्या दर्शनाला गेलेला.

पण काशीहून आलेल्याचं मावंदं घालावं लागतं. गंगेचा गडू फोडायचा, गावाला तीर्थ द्यायचं, जेवण घालायचं. वाईचे एक मास्तर बरे होऊन निघाले, तर त्यांचे चुलते तांब्याचा रिकामा गडू घेऊन हजर. मी तो कृष्णेवर भरला, कासाराकडून डाख लावून तोंड बंद करून घेतलं. मावंद्याला मलाही बोलावलं होतं. एक आजी तीर्थ घेऊन डोळे मिटून म्हणाल्या, "गंगा ती गंगाच. आपल्या कृष्णेला ही चव कुठली?" कृष्णा त्यांच्या मागच्या दाराशीच वाहत होती.

हे ऐकल्यावर अण्णासाहेबांनी मलाच एक गडू आणायला लावला. भरून, डाख लावून उशाशी ठेवला. म्हणाले, "ऐनवेळी धावपळ नको."

*

अण्णासाहेब ठणठणीत बरे झाले होते. डॉक्टरही तसंच म्हणत. पण ज्यांनी आणून सोडलं त्यांनीच न्यायचं, हा आरोग्यधामाचा नियम. अण्णासाहेबांनी तर नदीकडची खोली सोडून फाटकाकडची मागून घेतली होती, टांगा आला की आधी कळावं म्हणून.

त्यांचे धाकटे भाऊ यायचे ते फाटकातूनच फळांची करंडी द्यायचे. आत यायचे नाहीत. एकदा डॉक्टरांनी त्यांना फाटकातच गाठलं. "घेऊन जा आता. माणूस माझ्याइतका शहाणा आहे."

"नेतो की," भाऊ म्हणाले. "पण पुतणीचं जमतंय. तेवढं होऊ दे. इतके दिवस काशीत माणूस करतो काय, असं गाव विचारायला लागलंय. त्याचंही काहीतरी बघावं लागेल."

मला वाटलं, आता कुठल्याही दिवशी टांगा येतोय. अण्णासाहेबांनी धोतरं परीटघडीची करून घेतली.

*

टांगा आला, पण भाऊ नव्हते. अण्णासाहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एकट्याच. साताऱ्याहून कोणाला न सांगता आल्या होत्या. आमची खोली फाटकाला लागूनच. आधी तिथं आल्या. कपाळ पांढरं, गळा मोकळा. मी बघतच राहिलो. नवरा तर आत परीटघडीचं धोतर नेसून बसलेला.

माझ्या बायकोला म्हणाल्या, "बाई, बोटभर कुंकू देता?"

हिनं करंडा पुढं केला. वहिनींनी आरशात बघून कुंकू लावलं, पदराच्या गाठीतून मंगळसूत्र काढून गळ्यात घातलं, आणि आत गेल्या. चांगल्या तासभर बसल्या. हसण्याचा आवाजसुद्धा आला. निघताना अण्णासाहेब दारापर्यंत आले. "मग कधी?" त्यांनी विचारलं.

"उन्हाळ्यात," वहिनी म्हणाल्या. "मुलगी एकदा सासरी गेली की."

फाटकाशी थांबून त्यांनी पदरानं कपाळ पुसलं, मंगळसूत्र काढून परत गाठीत बांधलं आणि टांग्यात बसल्या. माझी बायको त्या दिवशी जेवली नाही.

संध्याकाळी मिक्श्चर घेऊन गेलो. अण्णासाहेब फाटकाकडच्या खिडकीशी उभे होते. उशाजवळचा गडू त्यांनी उचलून माझ्या हातात दिला. मग कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं शांतपणे म्हणाले, "मला एक सांगा. तुमच्या त्या सरकारी इस्पितळात जायचं असेल, तर माणसाला नेमकं काय करावं लागतं?"